जीप हिलालला, तार नवी

मी, द्रौपदाबाई भाईदास देवरे, वय अदमासे साठ, धंदा घरकाम, राहणार साक्री, जिल्हा धुळे, माझ्या मागे कोणी कोणाशी भांडू नये म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे आणि कोणाचं दडपण माझ्यावर नाही, असं लिहावं लागतं असं वकीलसाहेब म्हणाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. धुळ्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरून सांगितलं की हृदय वाढलं आहे. म्हणून उशीर करत नाही.

मी शाळेत गेलेले नाही. एसटीच्या पाट्यांवरून अक्षरं लावायला शिकले, मग किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचले, मग वाचनालयातून मिळेल ते. त्यामुळे माझं अक्षर पाटीवरच्यासारखं मोठं आणि सुटं येतं. कागद जास्त लागले त्याला माझा इलाज नाही.

कलम १. साक्रीचं राहतं घर, परसातल्या लिंबासह, माझी मुलगी मंदा हिला. ती जळगावला पिंप्राळ्यात नांदते. घर विकलं तरी माझी हरकत नाही. लिंब मात्र घेणाऱ्याने तोडू नये असं तोंडी सांगून ठेवावं. कागदावर लिहून झाड वाचत नाही हे मला कळतं. आमच्या वाट्याचं शेत मी आधीच तिच्या नावावर केलेलं आहे.

कलम २. तांब्याचा मोठा हंडा माझी जाऊ कुंदाबाई हिला. तिने तो तिच्या अभिमनच्या लग्नाला नेला आणि पोचा पाडून परत आणला. "पहिलेनाच शे तो," म्हणाली. आधीचा नव्हता. आता तिचाच होईल, म्हणजे पोचा कधीचा हा प्रश्न मिटेल.

कलम ३. माझ्या अंगावर फुटका मणीसुद्धा ठेवू नये. पाटल्या मंदाला.

कलम ४. जीप. हे कलम लांब आहे. मृत्युपत्र लिहायला बसले ते खरं यासाठीच.

माझे मालक, कैलासवासी भाईदास झिपरू देवरे, आधी यारीवर होते. विहीर खोदताना खालचा दगड-मुरूम वर ओढून काढते ती यारी. तिच्या तारेला टोपलं बांधलेलं असतं, आणि माणसंही त्याच तारेवर उतरतात नि चढतात. ते त्या तारेवर इतक्या खोल जायचे की वरून त्यांच्या डोक्याचं फडकं तेवढं दिसायचं, तांदळाच्या दाण्याएवढं. मी काठावर भाकर घेऊन उभी राहायचे आणि बोटाएवढ्या जाड तारेकडे बघायचे. एवढ्याशा तारेवर माझं सगळं घर लोंबकळतंय, असं वाटायचं. भीती वाटायची, पण डोळे तिच्यावरून हलत नसत.

आमच्या टोळीत एक रीत होती. विहिरीला पाणी लागलं की तारेच्या टोकाशी, हुकाच्या वर हातभर, लाल फडकं बांधायचं. ते सोडायचं नाही. झिजून आपोआप गळलं तर गळू द्यायचं. पुढच्या विहिरीला पाणी लागलं की त्याच्यावरच दुसरं. आमच्या तारेवर फडक्यांचा असा एक गुंडाळा झाला होता. दर दसऱ्याला मालक त्या गुंडाळ्यावर दूध घालायचे, नारळ फोडून त्याचं पाणी घालायचे, हळद-कुंकू भरायचे. मोठ्या मनाने करायचे.

पुढे यारीचं काम सुटलं आणि त्यांनी मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप घेतली. साक्रीहून डोंगरातल्या पाड्यांवर बाजारची माणसं न्यायची-आणायची. मध्ये उंबरनाला लागतो. पावसाळ्यात तो ज्या गाडीला धरतो तिला सोडत नाही. म्हणून जीपच्या पुढच्या बंपरवर विंच बसवला. इंजिनच्या जोरावर लोखंडी ड्रम फिरतो आणि तार गुंडाळली जाते, असं ते यंत्र. तार त्यांनी यारीचीच लावली, फडक्यांच्या गुंडाळ्यासकट. "हिले कितल्या विहिरीस्नं पानी लागेल शे," म्हणाले, "ही मना शब्द मोडाव नही."

विंच पहिल्यांदा चालताना मी पाहिला तो दिवस अजून समोर आहे. जीप नाल्यात चारी चाकांनी रुतलेली. मालकांनी तार नेऊन काठावरच्या मोहाच्या झाडाला बांधली. गाडी चालवायला हिलाल होता. हिलाल म्हणजे आमचा ड्रायव्हर, यारीपासून मालकांबरोबर असलेला, पाड्यावरचा. त्याने खटका ओढला. तार ताठ झाली, तिच्यातून गढूळ पाण्याचे थेंब एकाच वेळी गळाले, आणि जीप जागची हलली. कोणी ढकलत नव्हतं. बैल नव्हते. गाडी स्वतःच स्वतःला ओढत चिखलातून वर येत होती. मी म्हटलं, "अहो, माणूस स्वतःची शेंडी धरून खड्ड्यातून वर येतो का? ही कशी येते?"

ते हसले. "मोहाना जोरवर," म्हणाले.

"मोह कुठे ओढतोय? तो तर उभा आहे."

"तो उभा शे म्हनीसनच ते. झाड वढत नही व, झाड फक्त धरी ठेवस."

त्या रात्री भाकरी करताना माझा हात दोनदा थांबला. जगात ओढणारे सगळेच दिसतात. धरून ठेवणारं कोण आहे, ते शोधावं लागतं. वाचायला लागल्यावर मी पुष्कळ देवादिकांच्या गोष्टी वाचल्या, पण उंबरनाल्यात जे पाहिलं त्याने जसे हात जोडले गेले तसे वाचून कधी जोडले गेले नाहीत.

कलम ५. ते कसे गेले हे मी इथे लिहिते. सगळ्यांना एक गोष्ट माहीत आहे आणि ती खोटी आहे.

१९८६ च्या पावसाळ्यात, बाजारचा दिवस, दुपारची वेळ. बियाण्याच्या गोण्या भरलेला एक टेंपो नाल्यात बसला होता. आमची जीप काठावर उभी करून टेंपोला तार लावली. हिलाल खटक्यावर. मी जीपच्या मागच्या बाकावर, माझ्याबरोबर पाड्यावरच्या दोन बाया. मालक तारेच्या बाजूला उभे राहिले आणि त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला. यारीवरची सगळी माणसं असंच करतात. खाली किती वजन आहे, तार रडते आहे का, हे त्यांना तळहाताने कळतं. विहिरीच्या तोंडावर, तार सरळ खाली लोंबत असताना, ती सवय चालून जात असे.

तार हुकाच्या वर हातभर तुटली. लांब राहिलेलं टोक उलटं फिरलं. मला ते दिसलंच नाही, कोणालाच दिसलं नाही. हवेत काहीतरी ओढल्यासारखा आवाज आला आणि मालक बसले. पडले नाहीत, बसले. मी जवळ पोहोचेपर्यंत ते बसलेलेच होते.

गावाने म्हटलं, हिलालने झटका दिला. माझा पुतण्या अभिमन पुढे होऊन म्हणाला. तुटलेल्या तारेचं हुकाकडचं टोक, लाल फडक्याच्या गुंडाळ्यासकट, त्याने आपल्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. तारेने बळी घेतला, आता ती जागी झाली, असं तो सांगू लागला. लोक येऊन तिला नवस बोलू लागले. मला त्या लोकांचा राग नाही. जी बोटाएवढी वस्तू माणसांना पाताळातून वर आणते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत नेते, तिच्यापुढे नारळ फोडावासा वाटणारच. पण देवाचा दोष काढता येत नाही, म्हणून तो माणसावर गेला. हिलालने त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही. तो दुसऱ्याच्या मळ्यावर राखण करतो. जीप माझ्या पडवीत उभी आहे. नाल्यापलीकडची माणसं पावसाळ्यात आजाऱ्याला खाटेवर घालून खांद्यावर आणतात, आणि नाला खांद्यापर्यंत असला की काठावर बसून राहतात.

दर आखाजीला, पितरांची घागर भरायच्या दिवशी, सकाळी दार उघडलं की उंबऱ्याबाहेर एक डांगर, म्हणजे खरबूज, असतं, घागरीवर ठेवायला. एका वर्षी मी लवकर उठून दारामागे थांबले.

"मझार ये रे हिलाल," मी म्हटलं.

"नही अक्का. आठेच बरं शे."

"तुझ्या मालकाची घागर आहे. आत येऊन पाया पड."

"त्यास्ना पाया मी आठूनच पडस." आणि डांगर ठेवून गेला.

कलम ६. साक्रीच्या बँकेत माझ्या नावावर जी ठेव आहे ती सगळी जीपला नवा विंच आणि नवी तार घेण्याकडे लावावी. जुना विंच गंजून बसला आहे, तो भंगारात द्यावा. नवा कसा निवडायचा हे मी विचारून, वाचून आणि दुकानात उभी राहून ठरवलं आहे.

विंचची ताकद भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट तरी असावी. कमी घेऊ नये. गाडीचं वजन काट्यावर कळतं, चिखलाची पकड कोणत्याच काट्यावर कळत नाही. मुंबईला बॅटरीवर चालणारे परदेशी विंच मिळतात. बटण दाबलं की फिरतात आणि इंजिन पाण्यात बुडून बंद पडलं तरी थोडा वेळ चालतात. मला ते फार आवडले. पण ते तापतात, बॅटरी पिऊन टाकतात, आणि बिघडले तर साक्रीत उघडणारं कोणी नाही. म्हणून आपला इंजिनवर चालणाराच घ्यावा. सोबत हाताने दांडा मारून ओढायचा लहान विंच सीटखाली ठेवावा. तो गोगलगायीच्या चालीने ओढतो, पण त्याला इंजिन लागत नाही. एक कप्पीही घ्यावी. तार कप्पीतून फिरवून परत गाडीला लावली की जोर दुप्पट होतो आणि वेग निम्मा. याचं कारण मी वाचलं आहे. समजलंही आहे. तरी दर वेळी जादू वाटते.

इंजिनच्या विंचमध्ये एक पिन असते, मुद्दाम नरम धातूची. भार हाताबाहेर गेला की आधी ती मोडते आणि सगळं थांबतं. ती मोडली की लोक वैतागून तिथे पक्का बोल्ट ठोकतात. तसं करू नये. ज्याने कोणी ती पिन शोधून काढली त्याला मी पाहिलेलं नाही, पण कुठेतरी बसून त्याने विचार केला की माणसाच्या आधी काहीतरी मोडलं पाहिजे. त्याच्या नावाने मी दिवा लावते. आमच्या विंचमध्येही ती होती. पण ती नव्या तारेच्या ताकदीवर बेतलेली होती. तार तिच्याआधी जाईल हे तिला कोण सांगणार?

कलम ७. तार नवी घ्यावी. यारीची, क्रेनची, कोणाचीही वापरलेली घेऊ नये, फुकट मिळाली तरी. नायलॉनचा दोर हलका असतो, पण तो ताणला की लांबतो आणि तुटला तर तेवढाच जोर घेऊन परत येतो, दगडावर घासलाही जातो. म्हणून पोलादी तारच बरी. ड्रमवर कायम पाच वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. शेवटच्या वेढ्यावर गाडी लटकवू नये. सगळ्यात जास्त जोर ड्रमच्या पोटाशी असतो, वरच्या थरांवर कमी, म्हणून झाड लांबचं धरावं, म्हणजे वरचे थर सुटून जातात. झाडाला तार थेट बांधू नये, साल कापते. गिरणीचा जुना रुंद पट्टा गुंडाळावा. तारेच्या ओळीत आणि बाजूला कोणी उभं राहू नये आणि हात तर मुळीच लावू नये. ओढायला सुरुवात करण्याआधी मधोमध एक जड गोधडी तारेवर टाकावी. तार तुटली तर गोधडी तिला खाली दाबते. यासाठी मी माझ्या लुगड्यांची एक गोधडी जाड शिवून ठेवली आहे. मंदासाठी शिवलेली गोधडी वेगळी आहे, दोन्हींची अदलाबदल करू नये.

ही माहिती घ्यायला मी धुळ्याला तारेच्या दुकानात गेले होते. मी एका नव्या तारेला नाकाशी धरून वास घेत होते तर दुकानदार म्हणाले, "बाई, अत्तर शेजारच्या दुकानात मिळतं."

"हिला तेलाचा वास कुठून येतो? वरून तर कोरडी आहे."

मग त्यांनी तारेचं टोक उलगडून दाखवलं. पोलादाच्या पेडांच्या मधोमध काथ्याचा दोर निघाला, तेलात भिजलेला. मी तिथेच स्टुलावर बसले. इतकी वर्षं जिच्याकडे मी पाहत आले तिच्या काळजात झाडाचा दोर आहे हे मला माहीत नव्हतं.

"तार ताणली की हा दाबला जातो आणि तेल सोडतो," ते म्हणाले. "आतल्या तारांना आतून तेल पाजतो. म्हणून ती जगते."

"आणि त्याला पाणी पाजलं तर? दूध पाजलं तर?"

ते हसले. "तारेला दूध कोण पाजतं, बाई?" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसायचे थांबले. "तर मग तो तेच आतून पाजत राहतो," म्हणाले. "वरून काही कळत नाही."

कलम ८. काल मी अभिमनच्या घरी गेले आणि देव्हाऱ्यातलं ते टोक खाली काढायला सांगितलं. जे बोलणं झालं ते मी तसंच लिहिते.

"काकू, तुले कितला डाव सांगं, त्याले हात लावाना नही. देवनं शे ते."

मी म्हटलं, "देवाचं आहे तर देवाला बघू दे. फडकं सोड."

"अन् काही व्हयनं म्हंजे?"

"काय व्हई? मी ते मराले बठेल शे. आणि तुझ्यावर काही आलं तर माझं नाव सांग, मी वर जाऊन भांडते."

कुंदाबाई चुलीपासून ओरडली, "सोड रे. ती काही आते ऐकाव नही." एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलली.

त्याने फडकी एकेक सोडली. वरची कोरडी होती, खालची एकमेकांना चिकटलेली, हळदीने कडक झालेली. सगळ्यात खालचं त्याने ओढलं तर त्याबरोबर तांबडी भुकटी सांडली. पेड उरलेच नव्हते. काथ्या कुजून माती झाला होता. तुटलेल्या जागी फक्त दोन-चार तारा पांढऱ्या, नव्याने तुटल्यासारख्या होत्या. बाकी सगळ्या कधीच गेलेल्या. तेवढ्यांनी टेंपो ओढला होता. तेवढ्यांनी, म्हणजे किती दिवस ओढलं असेल त्यांनी!

अभिमन खाली बसला. "बठ्ठा भुगा शे व काकू," म्हणाला. मग म्हणाला, "झटका देवो नही ते बी तुटतीच."



म्हणून मी स्पष्ट लिहिते: माझे मालक हिलालच्या हाताने गेले नाहीत. दूध आणि नारळपाणी यांना मी दोष देत नाही, ते प्रेमाने घातलेलं होतं. तारेला तेल हवं होतं, ते कोणाला माहीत नव्हतं.

कलम ९. जीप, नवा विंच, नवी तार, कप्पी, पट्टा, गोधडी हे सगळं हिलालला. त्याने ती उंबरनाल्यावर चालवावी अशी माझी इच्छा आहे, अट नाही. त्याला खटक्याला हात लावायचा नसेल तर त्याने शेजारी बसून दुसऱ्याकडून ओढून घ्यावं. कोणाला कुठे उभं राहू द्यायचं नाही हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? दसऱ्याला पूजा करावी, फूल ठेवावं, मग ते काढून तार पुसावी आणि तेल द्यावं.

तुटलेलं टोक अभिमनच्या देव्हाऱ्यात राहिलं तरी चालेल. फडक्याशिवाय ठेवावं. ज्याला नवस बोलायचा त्याने ते बघून बोलावा.

कलम १०. अभिमनला मी काहीही ठेवलेलं नाही. लोक म्हणतील काकूने डूख धरला. कारण वेगळं आहे. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याची साक्ष घेऊ नये, उद्या कोणी बोट दाखवतं. मला पहिला साक्षीदार अभिमनच पाहिजे. गावात ती गोष्ट त्याने सांगितली होती, तर कागदावरही त्याचीच सही असू दे. त्याला जायचं असेल तर दार उघडं आहे, असं मी त्याला सांगितलं आहे. तो बाहेर ओट्यावर बसला आहे. अजून गेलेला नाही.

इथे माझं लिहून संपलं. सगळा कागद मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवला आहे.

सही: द्रौपदाबाई भाईदास देवरे

आम्ही खाली सही करणारे असं लिहून देतो की द्रौपदाबाईंनी वरील सही आमच्या डोळ्यांसमोर केली आणि त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार १. अभिमन छगन देवरे, राहणार साक्री. कलम आठ वाचलं. फडकं मी माझ्या हाताने सोडलं. लिहिलं आहे ते खरं आहे. हिलालभाऊला बोलवायला मी स्वतः मळ्यावर जात आहे.

साक्षीदार २. पुष्पाबाई रतिलाल सोनवणे, शेजारी, राहणार साक्री. अभिमनने वरच्या ओळी सही करण्याआधी लिहिल्या, कोणी सांगितल्या नाहीत.

मुक्काम साक्री, जिल्हा धुळे
दिनांक ९ फेब्रुवारी १९९३